अपेक्षेच्या वाक्यातील कर्ता : शालेय माध्यमनिर्मिती-वर्गाच्या नियमभाषेचा विचार

माध्यमिक शाळेत विद्यार्थी जी वाक्ये लिहितो त्यांतील बहुतेकांना एकच वाचक असतो, आणि तो म्हणजे शिक्षक. निबंधातील वाक्य चुकले तर त्याखाली तांबडी रेघ पडते, गुण कमी होतात आणि तेथेच त्या वाक्याचे आयुष्य संपते. त्याने कोणाची अब्रू जात नाही, कोणाला धीर मिळत नाही, कोणी चिडून शाळेत येत नाही. शालेय वृत्तपत्र, ध्वनिवृत्त अगर चित्रफीत तयार करण्याचे जे वर्ग अमेरिकेतील माध्यमिक शाळांत दीर्घकाळ चालत आले आहेत, त्यांत मात्र स्थिती निराळी असते. तेथे विद्यार्थ्याचे वाक्य हा अभ्यासाचा नमुना असतो, आणि त्याच वेळी ती प्रत्यक्ष उक्तीही असते. शिक्षक त्याला गुण देतो. शेजारी, पालक आणि वर्गबंधू ते खरे मानून वाचतात.

बोलण्याने कृती घडते हा विचार मांडताना जे. एल. ऑस्टिन यांनी रंगभूमीवरील उक्ती बाजूला ठेविल्या होत्या, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. नटाने रंगमंचावर दिलेले वचन त्याला बांधीत नाही. वहीतील निबंध या दृष्टीने नाटकातील संवादाला जवळचा होय. माध्यमनिर्मितीच्या वर्गातील मजकूर मात्र अर्धा रंगमंचावर आणि अर्धा रस्त्यावर उभा असतो. या वर्गांत सत्राच्या आरंभी विद्यार्थ्यांच्या हाती अपेक्षांचा एक कागद देण्याची चाल आहे : मजकूर मुदतीत द्यावा, साधने जपून वापरावी, संमतीवाचून कोणाचे चित्र घेऊ नये, टीका सहन करावी इत्यादी. या कागदाकडे कोणी फारशा बारकाईने पाहत नाही. परंतु मजकुराच्या दुहेरी स्वरूपामुळे त्यातील प्रत्येक वाक्यालाही दोन अर्थ येऊ शकतात, आणि तंटा उपस्थित झाला म्हणजे ते दोन्ही अर्थ समोरासमोर उभे राहतात. अशा वेळी त्या वाक्यांत कर्ता कोण, आणि तो मुळात आहे काय, हा व्याकरणातील साधा प्रश्न किती महत्त्वाचा ठरतो, हे एका गाजलेल्या खटल्यावरून स्पष्ट होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी १९८८ रोजी निकालात काढलेला ‘हेझलवूड स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध कुलमायर’ हा तो खटला होय.

मिसुरी राज्यातील सेंट लुइस परगण्यात हेझलवूड ईस्ट ही माध्यमिक शाळा आहे. तेथील ‘पत्रकारिता–२’ या वर्गाचे विद्यार्थी ‘स्पेक्ट्रम’ नावाचे पत्र काढीत. ते साधारणपणे तीन आठवड्यांनी निघे. १९८२–८३ या वर्षात त्याच्या ४,५०० हून अधिक प्रती विद्यार्थी, शाळेतील नोकरवर्ग आणि गावातील लोक यांच्या हाती गेल्या. त्या वर्षाचा छपाईखर्च ४,६६८ डॉलर झाला आणि विक्रीतून १,१६६ डॉलर आले. उरलेला भार शिक्षणमंडळाने उचलला. हे आकडे रुक्ष असले तरी निरर्थक नाहीत. पत्र कोणाचे, या प्रश्नाचे एक उत्तर त्यांत दडलेले आहे, आणि न्यायालयाने त्यांची नोंद घेतली ती उगाच नव्हे.

१३ मे १९८३ चा अंक सहा पानांचा व्हावयाचा होता. अंकाचे काम संपत आले असतानाच, एप्रिलच्या अखेरीस, वर्गाचे नेहमीचे शिक्षक दुसरी नोकरी धरून निघून गेले व त्यांच्या जागी दुसरे शिक्षक आले. त्या सत्रात छपाईपूर्वी पानांची प्रुफे मुख्याध्यापकांस दाखविण्याची वहिवाट होती. तीनुसार नव्या शिक्षकांनी १० मे रोजी प्रुफे दिली. मुख्याध्यापकांचा दोन लेखांना आक्षेप होता. एका लेखात त्याच शाळेतील तीन मुलींचे, विद्यार्थिदशेत आलेल्या गरोदरपणाचे अनुभव होते. दुसऱ्यात आईबापांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणारा परिणाम वर्णिला होता, आणि त्यात एका मुलीने आपल्या वडिलांविषयी नाव देऊन तक्रार केली होती. दुरुस्तीला अवधी नाही, छपाई लांबली तर शालेय वर्ष संपण्यापूर्वी अंक निघणारच नाही, असे मुख्याध्यापकांस वाटले. त्यांनी हे दोन लेख ज्या पानांवर होते ती दोन्ही पाने काढून टाकून चार पानांचा अंक छापावयास सांगितले. त्या पानांवर अल्पवयातील विवाह, घरातून पळून जाणारी मुले, बालगुन्हेगारी इत्यादी विषयांवरही लेख होते. त्यांना कोणाचाच आक्षेप नव्हता. शेजाराच्या दोषाने तेही गेले. तीन विद्यार्थिनींनी दावा लावला. जिल्हा न्यायालयाने १९८५ मध्ये शाळेच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायालयाने १९८६ मध्ये तो फिरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेचीच बाजू पुन्हा उचलून धरली.

या खटल्यात विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षित होते व विद्यार्थ्यांनी काय अपेक्षिले होते हे सांगणारी तीन लेखी साधने पुढे आली. ती तिन्ही व्याकरणदृष्ट्या तपासण्यासारखी आहेत.

पहिले साधन म्हणजे अभ्यासक्रम-मार्गदर्शिका. तीत ‘पत्रकारिता–२’ हा वर्ग म्हणजे एक प्रयोगशाळा होय, पहिल्या वर्गात शिकलेली कौशल्ये वापरून विद्यार्थी तेथे शाळेचे पत्र प्रसिद्ध करतात, असे म्हटले होते. शिकावयाच्या गोष्टींत मुदतीच्या दडपणाखाली काम करणे होते, मतप्रदर्शक लेखांची जबाबदारी घेऊन त्यांवरील टीका स्वीकारणे होते, आणि ‘शाळेच्या समाजात पत्रकारांवर लादलेली कायदेशीर, नैतिक व आचारनीतीची बंधने’ हीही होती. या शेवटच्या पदसमूहातील ‘लादलेली’ हे धातुसाधित पाहण्यासारखे आहे. लादणे ही सकर्मक क्रिया आहे. तिला लादणारा हवा. मूळ इंग्रजी वाक्यातही तेथे कर्मणी धातुसाधितच आहे आणि कर्ता दिलेला नाही. कायद्याने लादलेली बंधने, व्यवसायाच्या परंपरेने लादलेली बंधने आणि मुख्याध्यापकांनी मंगळवारी दुपारी लादलेले बंधन ही तिन्ही या एका पदसमूहात सारख्याच सोयीने मावतात.

दुसरे साधन शिक्षणमंडळाच्या धोरणातील एका कलमाचे. त्याचा मराठी अर्थ असा : शाळेने पुरस्कारिलेली विद्यार्थी-प्रकाशने जबाबदार पत्रकारितेच्या नियमांच्या आत मुक्त अभिव्यक्तीला अगर भिन्न मतांना प्रतिबंध करणार नाहीत. वरवर वाचता हे स्वातंत्र्याचे आश्वासन वाटते, आणि विद्यार्थिनींच्या बाजूने ते तसेच वाचले गेले. परंतु वाक्याचा कर्ता पाहिला म्हणजे आश्चर्य वाटते. प्रतिबंध करणार नाहीत, पण कोण? प्रकाशने! मंडळ नव्हे, मुख्याध्यापक नव्हेत. ज्याच्या हाती प्रतिबंध करण्याची सत्ता आहे त्याचा उल्लेख टाळून, ज्याच्यावर प्रतिबंध होऊ शकतो त्यालाच वाक्याने कर्त्याच्या आसनावर बसविले आहे. दुसरी अडचण अन्वयाची. ‘नियमांच्या आत’ हे क्रियाविशेषण कोणाशी जोडावयाचे? ‘अभिव्यक्ती’शी जोडले तर अर्थ होतो की, नियम पाळून केलेली अभिव्यक्ती निर्बाध राहील. ‘प्रतिबंध’ या क्रियेशी जोडले तर नियमांच्या क्षेत्रात प्रतिबंध नाही, त्याबाहेर आहे, आणि ते क्षेत्र कोणी आखावयाचे हा प्रश्न उरतोच. न्यायालयाने या कलमाचा अर्थ संकुचित केला. शाळेच्या पत्राबरोबर जे हक्क स्वभावतः येतात त्यांत प्रशासन ढवळाढवळ करणार नाही, एवढेच ते कलम फार तर सांगते. वर्गातील पत्राचे सार्वजनिक व्यासपीठात रूपांतर करण्याचा हेतू त्यातून दिसत नाही, असा त्याचा अभिप्राय पडला.

तिसरे साधन विद्यार्थ्यांचे स्वतःचे. वर्षारंभी, सप्टेंबर १९८२ मध्ये, ‘स्पेक्ट्रम’ने आपले धोरण छापले होते. विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र या नात्याने पहिल्या घटनादुरुस्तीतून निघणारे सर्व हक्क हे पत्र स्वीकारते, असे त्यात म्हटले होते. येथे कर्ता आहे, क्रिया आहे, वाक्य कर्तरी आहे. परंतु ‘स्वीकारणे’ या क्रियेला देणाराही लागतो. ज्याने दिलेच नाही त्याच्याकडून घेतल्याची ही घोषणा होती. तिच्या पाठीशी १९६९ चा ‘टिंकर’ खटल्याचा निकाल उभा होता. आयोवा राज्यातील डे मॉइन शहरात काही विद्यार्थ्यांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती बांधल्या, आणि शाळेच्या कामात भरीव व्यत्यय येत नसेल तर अशी अभिव्यक्ती दाबता येणार नाही, असे न्यायालयाने तेव्हा ठरविले. हेझलवूडच्या मुलांनी याच निकालाची कसोटी आपल्या धोरणात घातली होती. फीत विद्यार्थ्याने घरून आणलेली होती, पत्र शाळेच्या खर्चाने छापले जात होते. या भेदावर पुढे सारा निकाल फिरला.

या ठिकाणी मराठीच्या विध्यर्थक रचनांकडे क्षणभर वळणे उपयुक्त ठरेल, कारण इंग्रजी नियमभाषेत जे झाकले जाते ते मराठीच्या विभक्तींत उघडे पडते. ‘विद्यार्थी मजकूर वेळेवर देईल’ हे ईलाख्याताचे वाक्य भाकीत आहे. इंग्रजी अभ्यासक्रमांत हेच भविष्यरूप आज्ञेसाठी सर्रास वापरतात आणि त्यांच्या मराठी अनुवादांत ते अवघडून बसते. ‘विद्यार्थ्याने मजकूर वेळेवर द्यावा’ या वाख्याताच्या वाक्यात विद्यार्थी तृतीयेत आहे. कर्तव्य त्याचे, करणाराही तोच. ‘विद्यार्थ्याला मजकूर वेळेवर द्यावा लागेल’ म्हटले की तो चतुर्थीत जातो; कृती त्याच्या हातून घडते, पण तिची निकड बाहेरून आलेली असते. आणि ‘विद्यार्थ्याकडून मजकूर वेळेवर अपेक्षित आहे’ या रचनेत, जी शासकीय मराठीत हल्ली फार बोकाळली आहे, अपेक्षा करणारा पूर्णपणे अदृश्य होतो. पहिले बंधन मनुष्य स्वतःचे मानू शकतो, दुसऱ्याविरुद्ध तो तक्रार करू शकतो. तिसऱ्या प्रकारात तक्रार कोणाकडे न्यावी हेच कळत नाही. हेझलवूडचे कागद या शेवटच्या प्रकारातले होते.

कागदांतून कर्ता सापडेना, तेव्हा न्यायालयाने तो व्यवहारातून शोधला. न्यायमूर्ती व्हाइट यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्रात जुन्या शिक्षकांच्या कामाची जंत्री आहे. संपादक निवडणे, प्रकाशनाच्या तारखा व पृष्ठसंख्या ठरविणे, विषय वाटून देणे, लेखांना वळण लावणे, अवतरणे तपासणे, मजकूर संपादित करणे, वाचकांची पत्रे निवडणे व सुधारणे, छापखान्याशी व्यवहार करणे, या सर्व क्रियापदांचा कर्ता एकच, शिक्षक. यांतील पुष्कळ गोष्टी विद्यार्थ्यांचा विचार न घेता होत. त्यावर पुन्हा मुख्याध्यापकांची नजर होतीच. यास्तव हे पत्र व्यासपीठ नसून पाठ आहे, आणि शाळेच्या रास्त शैक्षणिक हेतूंशी सुसंगत असे नियंत्रण त्यावर ठेवता येते, असा निष्कर्ष निघाला.

तर्क म्हणून हे विवेचन भक्कम आहे. पण त्यात एक उणीव राहते. विद्यार्थ्यांनी काय समजून काम केले, हे त्यात नाही. वर्षभर एका शिक्षकाच्या हाताखाली पाने रचणाऱ्या मुलामुलींना आपण पाठ गिरवीत आहोत की वृत्तपत्र चालवीत आहोत, हे कोणी स्पष्ट सांगितल्याचे त्या तिन्ही कागदांत दिसत नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी, न्यायमूर्ती मार्शल व ब्लॅकमन यांच्या सहमतीने, जे विरोधी मत नोंदविले ते नेमके या शब्दावर येऊन थांबते. हेझलवूड ईस्टच्या युवक-युवतींनी नागरिकशास्त्राच्या एका धड्याची अपेक्षा केली होती, पण न्यायालय आज त्यांना देत आहे तो धडा तो नव्हे, असा त्यांच्या शेवटच्या वाक्याचा भाव आहे. विद्यार्थी हा ‘अपेक्षा करणे’ या क्रियेचा ठळकपणे कर्ता झाला तो या विरोधी मतात.

तत्त्वाचा प्रश्न असा सुटला अगर सुटला नाही. परंतु त्या दोन पानांवरील मजकुरातच माध्यमनिर्मितीच्या विद्यार्थ्याने शिकावयाचे पुष्कळ काही होते, आणि कायद्याच्या चर्चेत ते मागे पडले. पहिला मुद्दा नावांचा. तीन मुलींची नावे लेखात बदललेली होती. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे की, मजकुरातील इतर तपशिलांवरून त्या ओळखू येतील. शाळेतील एका शिक्षिकेने साक्षीत सांगितले की, त्यांपैकी निदान एक मुलगी तिला खात्रीने ओळखता आली, आणि कदाचित तिघीही. अर्थविचाराच्या दृष्टीने हे अगदी सरळ आहे. व्यक्तीकडे निर्देश करण्याचे काम केवळ विशेषनाम करीत नाही. वर्णनेही ते करतात. विशिष्ट वय, विशिष्ट महिना, मुलाच्या बापाचा धंदा, घरी कोण काय म्हणाले, अशी चार वर्णने एकत्र आली की त्यांच्या छेदात एकच माणूस उरतो. आणि तो छेद किती लहान होईल हे वाक्यावर अवलंबून नसून वाचकाच्या माहितीवर अवलंबून असते. परगावच्या वाचकाला जे वाक्य अनामिक वाटते तेच शेजारच्या बाकावरील वाचकाला नाव घेऊन बोलते. शालेय पत्राचा वाचक तर नेहमीच शेजारच्या बाकावरचा असतो. म्हणून ‘नावे बदलावी’ ही अपेक्षा अपुरी आहे. व्यक्तीला जवळून ओळखणाऱ्या माणसाच्या नजरेने आपले वाक्य वाचून पाहावे, अशी अपेक्षा विद्यार्थ्याकडून करावयास हवी. ती अधिक कठीण आहे आणि तीच खऱ्या अर्थाने शिकविण्याजोगी आहे.

दुसरा मुद्दा वडिलांचा. मुलीची तक्रार होती की, वडील घरी वेळ देत नसत, कामासाठी सतत परगावी असत, रात्री मित्रांत पत्ते खेळत बसत आणि आईशी प्रत्येक गोष्टीवरून वाद घालीत. ही एका पक्षाची हकीकत झाली. ज्याच्याविषयी ती आहे त्याला उत्तराची संधी द्यावी, हा वृत्तव्यवसायातील जुना दंडक आहे आणि मुख्याध्यापकांचा हा आक्षेप रास्त मानावा लागतो. विशेष असे की, अंतिम प्रतीतून मुलीचे नाव नव्या शिक्षकांनी आधीच गाळले होते, पण मुख्याध्यापकांस ते ठाऊक नव्हते. म्हणजे आक्षेपाचे एक मोठे कारण प्रुफावर होते, छापावयाच्या प्रतीत नव्हते! कागद कोणत्या अवस्थेत आहे हे एकमेकांस न सांगितल्याने केवढा गोंधळ होतो, हे ज्यांनी कधी प्रुफे तपासली आहेत त्यांस सांगावयास नको.

याच मुलीच्या तोंडचे एक वाक्य निकालपत्रात अवतरण म्हणून आले आहे, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाची नजर त्यावर थबकल्यावाचून राहत नाही. ‘माझ्या आईबरोबर, बहिणीबरोबर आणि माझ्याबरोबर’ असे तिला म्हणावयाचे होते. इंग्रजी शालेय व्याकरणाप्रमाणे येथे ‘विथ’ या अव्ययानंतर ‘मी’ हे कर्मरूपात, म्हणजे ‘मी’ असे इंग्रजीत उच्चारले जाणाऱ्या रूपात, यावयास हवे. मुलीने ‘आय’ हे कर्तृरूप वापरले. ही चूक अडाणीपणाची नव्हे, अतिशुद्धीची आहे. कर्त्याच्या जागी कर्मरूप वापरल्याबद्दल शाळेत बोलणी खाल्लेली मुले पुढे सर्वत्र कर्तृरूपच योजू लागतात. शाळेनेच लावलेली ही सवय. आता मौज अशी की, शाळा कोणत्या मजकुराशी आपला संबंध नाकारू शकते याची उदाहरणे देताना न्यायमूर्ती व्हाइट यांनी व्याकरणदृष्ट्या सदोष मजकूर पहिल्या स्थानी ठेविला. अपुरे संशोधन, पूर्वग्रह, अश्लीलता ही नंतर आली. व्याकरणदोष आणि पूर्वग्रह एकाच माळेत ओवणे भाषाशास्त्रास मानवणारे नाही. बातमीदाराच्या स्वतःच्या वाक्यातील दोष दुरुस्त करणे योग्यच. पण दुसऱ्याच्या अवतरणातील रूप सुधारणे म्हणजे साक्षीदाराची जबानी बदलणे होय. हाच प्रश्न मराठीतही उपस्थित होतो. २०२० मध्ये आलेल्या बारावीच्या ‘युवकभारती’त उपयोजित मराठीच्या विभागात मुलाखत आणि वृत्तलेख यांना स्थान मिळाले, वऱ्हाडी अगर मालवणी बोलणाराचे उत्तर विद्यार्थ्याने प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहावे काय, याचा निर्णय अशा वेळी प्रत्येक वर्गात करावाच लागतो.

तिसरा मुद्दा मुदतीचा. मार्गदर्शिकेने मुदतीचे दडपण हा शिकण्याचा विषय ठरविला होता, पण ती मुदत एकट्या विद्यार्थ्यांना होती. मुख्याध्यापकांनी प्रुफे किती वेळात वाचावी, आक्षेप कोणास कळवावा, दुरुस्तीला किती अवकाश द्यावा, याविषयी त्या कागदांत शब्द नव्हता. परिणामी १० तारखेस प्रुफे आणि १३ तारखेस अंक, या तीन दिवसांत दोन पाने हाच एक उपाय सुचला. नेमका भाग गाळणे, पुस्ती जोडणे, पानांची मांडणी बदलणे अगर प्रकाशन लांबणीवर टाकणे हे मार्ग मोकळे होते, असे ब्रेनन यांनी दाखविले आहे. एका पक्षालाच मुदत आणि दुसऱ्याला केवळ अधिकार, अशी रचना असल्यावर मुदतीचा धडा विद्यार्थी निराळाच शिकतात.

निकालानंतर काही राज्यांनी आपल्या कायद्यांत कर्ता घालण्याचे काम केले. कॅलिफोर्नियाचा कायदा तर १९७७ पासूनच होता. त्याची भाषा हेझलवूडच्या कलमाशेजारी ठेवून वाचावी. विद्यार्थी-संपादकांनी बातम्या, अग्रलेख व इतर लेख नेमून द्यावे व संपादित करावे. देखरेख ठेवणे आणि इंग्रजीची व पत्रकारितेची पातळी राखणे हे काम मार्गदर्शक शिक्षकाचे. आणि मजकुरावर मर्यादा घालावयाची तर ती घालण्यापूर्वी, विनाविलंब, तिचे समर्थन करण्याचा भार शाळेच्या अधिकाऱ्यांवर. तीन कर्ते, तीन क्रिया, आणि मुदत अधिकाऱ्यांनाही. मॅसॅच्युसेट्सने १९८८ मध्ये, आयोवाने १९८९ मध्ये, कोलोराडोने १९९० मध्ये व कॅन्ससने १९९२ मध्ये असे कायदे केले. पुढे नॉर्थ डकोटाच्या २०१५ च्या कायद्यानंतर या चळवळीस नवा जोर चढला. कॅन्ससच्या कायद्यात एक सूक्ष्म भेद केलेला आहे : मजकूर छपाईपूर्वी तपासणे आणि तो चांगल्या दर्जाचा व्हावा म्हणून प्रोत्साहन देणे याला निर्बंध समजू नये, परंतु विषय वादग्रस्त आहे एवढ्याच कारणाने मजकूर दाबू नये. तपासणे आणि दाबणे या दोन क्रिया हेझलवूडमध्ये एकाच हाताने एकाच दिवशी झाल्या होत्या, म्हणून हा भेद शब्दांत मांडणे आवश्यक होते.

जेथे असा कायदा नव्हता तेथेही व्यवहारातील कर्ता निर्णायक ठरला. मिशिगन राज्यातील यूटिका येथील माध्यमिक शाळेच्या ‘ॲरो’ या पत्रासाठी एका विद्यार्थिनीने २००२ मध्ये शाळेच्या बसगाड्यांच्या डिझेल-धुराविषयी व त्यावरून शेजाऱ्यांनी लावलेल्या दाव्याविषयी बातमी लिहिली. शाळेने ती काढावयास लावली. संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने २००४ मध्ये हेझलवूडचीच कसोटी लावून विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला. त्या पत्राचा कारभार प्रत्यक्षात विद्यार्थी चालवीत, मजकूर आधी अधिकाऱ्यांस दाखविण्याची वहिवाट नव्हती, आणि बातमी काळजीपूर्वक लिहिलेली होती. सूत्र तेच, पण क्रियापदांचे कर्ते निराळे, म्हणून निकाल उलट.

कॅन्सस राज्यातील पिट्सबर्ग येथील उदाहरण याहून बोलके आहे. तेथील माध्यमिक शाळेत २०१७ च्या वसंतात नव्या मुख्याध्यापिकेची निवड झाली, आणि ‘बूस्टर रिडक्स’ या पत्राच्या विद्यार्थ्यांकडे तिचा परिचय लिहिण्याचे काम आले. अशा वर्गात याहून साधे काम दुसरे नसेल. परिचयात पदव्यांचा उल्लेख यावयाचा; पदवी देणारे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे की नाही हे तपासणे हा त्याच साध्या कामाचा भाग. ते तपासता जमेना, प्रश्न विचारता उत्तरे जुळेनात. ३१ मार्च रोजी बातमी प्रसिद्ध झाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या बाईंनी राजीनामा दिला. परिचयलेखाच्या अपेक्षेत ‘तथ्ये पडताळावी’ असे वाक्य सर्वच शाळांत असते. येथे ते शब्दशः पाळले गेले, आणि ते पाळणाऱ्यांना आड येण्याचा अधिकार कोणास नाही हे १९९२ च्या कायद्याने आधीच सांगून ठेविले होते.

अलीकडे या वर्गांचे काम मोठ्या प्रमाणात कागदावरून पडद्यावर गेले आहे. सकाळचे वृत्तनिवेदन, मुलाखतींच्या चित्रफिती, खेळांचे प्रक्षेपण ही त्यांची नित्याची कामे झाली आहेत. निर्देशाचा प्रश्न येथे अधिकच तीव्र होतो. छापील मजकुरात चार वर्णनांच्या छेदातून ओळख पटत असे. चित्रफितीत चेहरा अस्पष्ट केला तरी आवाज राहतो, आणि आवाजात स्वर, लकब, बोलीचा ढंग, दोन शब्दांमधील थांबे हे सारे राहते. वर्गबंधूंना एका वाक्याची ओळखही पुरते. आवाज यंत्राने बदलला तरी शब्दयोजना व हेल बोलणाराचेच असतात. यावर या वर्गांतील एक उपाय म्हणजे त्या व्यक्तीचे म्हणणे दुसऱ्या विद्यार्थ्याच्या आवाजात, तिच्या संमतीने, वाचून घेणे. आणि ते वाचण्यापूर्वी मूळ बोलणारीस लिखित मजकूर दाखविणे. तो कोणी दाखवावयाचा, किती आधी, आणि तिने ‘नको’ म्हटले तर शेवटचा शब्द कोणाचा, हे त्या वर्गाच्या अपेक्षा-पत्रकात नावानिशी लिहावे लागते.